कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे मागायला मध्यस्थ लागत नाही

गेल्या महिन्यात एकच मेसेज सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि शाळेच्या अशा तिन्ही ग्रुपवर येऊन गेला. मजकूर थोडक्यात असा: 'बँकेने कर्जासोबत फसवून दिलेल्या विम्याचे पैसे परत मिळतात, पण सामान्य माणसाला नाही. सही तुम्ही केलेली असते. 30 दिवस उलटले की हक्क संपतो. लोकपालाकडे वकिलाशिवाय दाद लागत नाही. ब्रिटनमध्येही क्लेम कंपन्यांनीच लोकांना अब्जावधी पौंड मिळवून दिले. आम्ही 20 टक्क्यांत काम करतो, नोंदणी फी आधी.' यातलं पैसे परत मिळू शकतात एवढंच खरं. माझ्या ओळखीच्या दोघांनी ती फी भरलीसुद्धा, म्हणून लिहायला बसले.

आधी सहीचं बघू. दादाने 25 लाखांचं गृहकर्ज घेतलं. वहिनी हप्त्यांचा तक्ता चाळत होती, तर मुद्दल दिसलं 25,86,000. वरचे 86 हजार म्हणजे कर्जविम्याचा, म्हणजे कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फेडणाऱ्या विम्याचा, एकरकमी हप्ता. तो वेगळा मागितलाच नव्हता, परस्पर कर्जात मिळवला होता. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांत त्या 86 हजारांपोटी महिन्याला साधारण 774 रुपये जाणार, म्हणजे एकूण 1 लाख 85 हजारांच्या वर. शाखेत विचारलं तर उत्तर आलं, "विम्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही, आणि सही तुमचीच आहे."

सही त्याचीच होती. पण कर्ज हवं तर अमुक कंपनीचा विमा घ्याच, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. विमा घेणं पूर्णपणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे, असं रिझर्व्ह बँकेचे नियमच सांगतात. आम्ही विमा कंपनीकडून प्रस्ताव अर्जाची प्रत मागवली. आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' अशी खूण होती. दादा सहा वर्षं रक्तदाबाची गोळी घेतो. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं असतं, तर कंपनीने याच 'नाही'वर बोट ठेवून वहिनीचा दावा अडवला असता. ही प्रत हातात पडेपर्यंत आम्हालाही वाटत होतं की सही केली म्हणजे विषय संपला. म्हणून कळकळीने सांगते, सगळ्यात आधी अर्जाची प्रत मागा. पडताळणीचा फोन आला असेल तर त्याचं रेकॉर्डिंगही मागा. 'फोन येईल, सगळ्याला हो म्हणा' असं शाखेत कुणी पढवलं असेल, तर कुणी आणि कधी, ते आजच वहीत लिहून ठेवा.

आता 30 दिवसांचं. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. त्याला फ्री लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा हप्ता कापून बाकीचे पैसे परत येतात. ही मुदत गेली तर ती सोपी वाट बंद होते, फसवून विकल्याची तक्रार करण्याचा हक्क जात नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं. तिथे मात्र एका वर्षाच्या आत जायला हवं, म्हणून कंपनीच्या उत्तराची तारीख जपा.

वकिलाबद्दल मेसेज धडधडीत खोटं सांगतो. लोकपालाच्या नियमांनुसार तक्रार स्वतः करायची, किंवा कायदेशीर वारस, नॉमिनी वगैरेंनी करायची. वकील आणि एजंट यांना तिथे जागाच नाही. फी शून्य. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात विमा लोकपालांची कार्यालयं आहेत. बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते, तीही फुकट. प्रत्येक तक्रारदाराच्या बाजूनेच निकाल लागतो असं नाही. पण एजन्सी काय वेगळं करणार? शाखेत त्या दिवशी काय बोलणं झालं ते तुम्हालाच ठाऊक, आणि कागदही ती तुमच्याकडूनच मागणार.

ब्रिटनचा दाखला तर उलटाच आहे. तिथे कर्जासोबत विकलेल्या पीपीआय, म्हणजे हप्ते भरता आले नाहीत तर ते भरणाऱ्या विम्यापोटी बँकांनी 38 अब्ज पौंडांच्या आसपास परत केले. 29 ऑगस्ट 2019 ही तक्रारीची शेवटची तारीख होती. बँकेकडे अर्ज करणं फुकट होतं, तिथल्या लोकपालाकडे जाणंही फुकट होतं. तरी असंख्य लोकांनी क्लेम कंपन्यांना मोठा वाटा दिला, इतका की 2018 मध्ये कायदा करून त्यांची फी 20 टक्के अधिक कर इथवर रोखावी लागली.

'नोंदणी फी आधी' हे वाचलं की तिथेच थांबा. अडकलेल्या पॉलिसीचे पैसे सोडवून देतो म्हणून फी घ्यायची किंवा नवी पॉलिसी गळ्यात मारायची, हे प्रकार जुने आहेत. विमा नियामक आयआरडीएआय स्वतः असे फोन करत नाही. ओटीपी आणि पॉलिसीचा मूळ कागद कुणालाही देऊ नका. अडलं तर 155255 वर विचारा.

एक सावधगिरी मात्र घ्या. घरात कमावणारा एकच असेल तर आधी साधा टर्म विमा काढा, मगच हा रद्द करा. दादाने तसंच केलं.

कंपनीने पहिल्या पत्राला नकार कळवला. दुसऱ्या पत्रासोबत आम्ही दादाच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या जोडल्या आणि पुढे लोकपालाकडे जाणार असल्याचं लिहिलं. मग हप्ता परत आला, थेट कर्जखात्यात. पण मधल्या सात महिन्यांत त्या 86 हजारांवर लावलेलं व्याज बँकेने परत केलेलं नाही. त्याचं पत्र वहिनीने स्वतः लिहून शाखेत दिलं आणि पोच घेतली. सोमवारी त्याला 30 दिवस होतात. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडचा अर्ज तिने भरून तयार ठेवला आहे.