‘प्लंबरला पैसे कशाला देता?’ मेसेजवाल्यांनो, जरा दुकानावर या

आमच्या परभणीत सध्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायलाय. प्लंबर, गॅसवाले, ड्रेनेजवाले सगळे लुटारू, दोन मिनिटाच्या कामाचे पाचशे घेतात, म्हणून यापुढं सगळं घरीच करा, असा एकूण सूर. खाली उपाय दिलेत: पाईप व्हिडिओ बघून जोडा, गॅस लीक वाटला तर काडी फिरवून बघा, चोकअपला अ‍ॅसिड ओता, नळाला पाणी कमी येत असंल तर मोटार डायरेक्ट लाईनला लावा आणि सेप्टिक टँक भरला तर मशीनच्या गाडीला पैसे घालवण्यापेक्षा दोन मजूर लावा, निम्म्यात काम. शेवटी अर्थातच, सगळ्यांना पाठवा.

माझं हार्डवेअरचं दुकान हाय, म्हणजे लोकं घरीच काम करायला लागले तर माझा गल्ला वाढतोच, सोल्युशनचे डबे, टेफ्लॉन टेप, अ‍ॅसिडच्या बाटल्या मीच विकतो. तरी लिहायलोय, कारण यातल्या दोन-तीन गोष्टी जीव घेणाऱ्या हायत.

आधी जे बरोबर हाय ते मान्य करू. नळ गळायला लागला तर वायसर किंवा स्पिंडल (नळाच्या मुठीखालचा फिरणारा भाग) बदलायला खरंच कुणाला बोलवायची गरज नाही. आपल्याकडं बोरच्या पाण्याला क्षार इतके की स्पिंडल जाम होणारच, वरचा कॉक बंद करा, जुना स्पिंडल सोबत घेऊन दुकानावर या, तसाच नवा घेऊन जा. शॉवरची जाळी, नहाणीची जाळी, कमोडच्या टाकीतला फ्लोट, हेही घरी होतं. आणि हे काम पुढं ढकलू पण नका. मिनिटाला फक्त दहा मिली पाणी गळलं तरी दिवसाचं चौदा लिटरच्या वर जातं, महिन्याला चारशे तीस लिटर. ज्या भागात २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या भागात हे वेगळं सांगायला नको.

पण नळ वेगळा आणि भिंतीतली लाईन वेगळी. गिऱ्हाईक येतं, म्हणतं पाईपाचं सोल्युशन द्या. मी विचारतो, कोणता पाईप, पांढरा का पिवळसर? तर म्हणतं, काही पण द्या हो, चिकटवायचंच तर हाय. असं नसतं ना. गिझरच्या गरम पाण्याला पिवळसर सीपीव्हीसी पाईप लागतो, त्याचं सोल्युशन वेगळं, साध्या पांढऱ्या यूपीव्हीसीचं वेगळं. पाईप कापल्यावर कडेची बूर (खरबरीत कण) काढायची, पुसून कोरडा करायचा, सोल्युशन लावून फिटिंगमधी थोडं फिरवत पूर्ण आत बसवायचा, धरून ठेवायचा आणि मग तासन्‌तास पाणी सोडायचं नाही. व्हिडिओत हे सगळं अर्ध्या मिनिटात दाखवतात आणि वाट बघायचं ते कापून टाकतात. वर ब्रासच्या आट्याची फिटिंग पान्यानं जोर लावून आवळली की प्लॅस्टिकला बारीक तडा जातो, तो त्या दिवशी दिसत नाही. पुढं कधीतरी खालच्या घराच्या छताला ओल येते, मग टाईल्स फोडा, लाईन बदला, पुन्हा टाईल्स. चांगला प्लंबर कन्सील, म्हणजे भिंतीत गाडलेली, लाईन टाकल्यावर टाईल्स बसायच्या आधी पंपानं प्रेशर देऊन ठेवतो, प्रेशरच्या मीटरचा काटा उतरतो का बघतो. पाचशेत तुम्ही ते पण विकत घेता, नुसतं आवळणं नाही.

आता गॅस. इथं मेसेज लिहिणाऱ्याला हात जोडून सांगतो, काडीवाली ओळ काढून टाका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, ओट्याखाली, जमिनीलगत साचून राहतो. उभ्या माणसाच्या नाकाला वास कमी येतो आणि पायाशी भरपूर गॅस असतो. मुळात गॅसला स्वतःचा असा वास नसतो, गळती कळावी म्हणून कंपन्या त्यात मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळतात. म्हणजे वास आला की तपासायचं काय राहिलं? रेग्युलेटर बंद करायचा, जमलं तर काढून सिलिंडरला टोपी बसवायची, दारं-खिडक्या उघडायच्या, लाईटचं बटन चालू बी करायचं नाही आणि बंद बी करायचं नाही, एक्झॉस्ट फॅनचं तर अजिबात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावायचा. हा नंबर देशभर, चोवीस तास, गॅस गळतीसाठीच हाय. जोडाचा नुसता संशय असंल, वास नसंल, तर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की कळतंय. ते घरी करायला हरकत नाही, पण दुरुस्ती एजन्सीच्या मेकॅनिकनंच करायची.

नळीचं पण असंच. मेसेज म्हणतो, चिरली तर टेप गुंडाळा. केशरी रंगाची जी सुरक्षा नळी मिळते तिच्यावर आयएसआय मार्क आणि तारीख छापलेली असते, पाच वर्षांत बदलायची, चिरली तर त्याच दिवशी. दीड मीटरपेक्षा लांब नको आणि भिंतीतून तर आरपार घालायचीच नाही. आमच्याकडं एक नवीनच फॅशन निघालीय, शेगडीच्या नळीला मधीच टी (एका नळीच्या दोन वाटा करणारा जोड) टाकायचा आणि तिथून गॅस गिझरला कनेक्शन. टी मागायला आलेल्याला मी विचारतो, गिझर कुठंय? बाथरूममधी. खिडकी? थंडी येते म्हणून बंद केलीय. अरे बाबा, बंद खोलीत गॅस गिझर चालला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला गुंगी येते आणि दार आतून लावलेलं असतं. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या येतात, त्या वाचून पण लोकं टी मागतात. मी देत नाही, शेजारच्या दुकानातून आणतात, तो भाग वेगळा.

मोटारीचं थोडक्यात. आपल्या गावांत नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत लाईन रिकामी असते. रिकाम्या किंवा कमी प्रेशरच्या लाईनला मोटार लावली की ती पाण्यासोबत जोडांतून बाहेरचं पण ओढते, आणि आपल्या गल्लीत पाण्याचा पाईप आणि नाली किती लांब असतात ते तुम्हीच बघा. मग सगळी गल्ली गॅस्ट्रोनं दवाखान्यात. हौद बांधा, नळाचं पाणी आपोआप त्यात पडू द्या, मोटार हौदावर लावा.

चोकअपला अ‍ॅसिड हा तर आमच्या धंद्यातला सगळ्यात खपाचा सल्ला. केस, साबणाची मळी, चिंध्या अडकल्या असतील तर अ‍ॅसिड त्यावर फार काही करत नाही, उलट लोखंडी पाईप, जाळी खातं. आणि अ‍ॅसिड टाकून काही झालं नाही म्हणून वरून ब्लीचिंग किंवा क्लोरीनवालं फिनेल-बिनेल ओतलं तर बाथरूममधी क्लोरीन वायू तयार होतो. त्यापेक्षा ट्रॅप (पाईपाचा पाणी साचणारा वाकडा भाग) उघडून हातमोजे घालून कचरा काढा, नाही निघाला तर पाईपात लांब स्प्रिंग घालून चोकअप काढणारा माणूस बोलवा. एक महत्त्वाचं राहिलं, अ‍ॅसिड आधीच ओतलं असंल तर त्या माणसाला ते सांगा, कारण तो हात घालणार हाय.

आणि आता सेप्टिक टँक. माझा राग मुख्य ह्या ओळीवर हाय. २०२३ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर मेले. पाच. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाईड साचतो, थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं नसतंय. पहिला खाली कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तिसरा दुसऱ्याला. तोंडाला रुमाल बांधून किंवा आधी झाकण थोडा वेळ उघडं ठेवून हे टळत नाही.

कायदा पण स्पष्ट हाय. हातानं मैला साफ करून घ्यायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं माणसाला संरक्षणाशिवाय गटारात, सेप्टिक टँकमधी उतरवणं गुन्हा हाय, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा फक्त नगरपालिकेला लागू नाही, मजूर लावणारे घरमालक पण त्यात येतात. ऑक्टोबर २०२३ मधी सुप्रीम कोर्टानं गटारात मरणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला द्यायची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. ‘निम्म्यात काम’ म्हणणाऱ्यानं हा आकडा मेसेजमधी टाकला नाही. आणि खरं सांगू का, त्या टाकीत उतरायला लावलेला माणूस कोणत्या वस्तीतून आणलेला असतो ते आपल्या सगळ्यांना माहिती हाय. सक्शनची गाडी बोलवा, नगरपालिकेत विचारा, खाजगी पण मिळते, टाकी तुडुंब भरायची वाट न बघता दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या.

राहिला लुटारूपणाचा मुद्दा. तो सगळाच खोटा नाही. हातात पाना धरला की प्लंबर असे बरेच हायत, आणि सामानात कमिशन खाणारे पण हायत, आमच्याच काही दुकानांतून खातात. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी यायचे किती, मजुरी किती, सामान कुणाचं हे ठरवा, सामान स्वतः आणा, बिल घ्या. त्यानं आधी केलेलं एखादं घर बघा, त्या घरच्यांना ओल आली का विचारा. गॅसचा माणूस आला तर एजन्सीचं ओळखपत्र मागा, पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि नवीन सिलिंडर घेताना लीक आणि वजन तिथंच तपासून घ्या. आणि भिंतीत लाईन टाकली की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोजायचा टेप लावून फोटो काढून ठेवा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, म्हणजे पुढं खिळा ठोकताना कुणाला विचारावं लागत नाही.