एडिटरातलं टर्मिनल आणि कंट्रोल-डब्ल्यू

व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, लांबलचक कमांड टाका आणि शेवटचा शब्द खोडायला सवयीनं कंट्रोल-डब्ल्यू दाबा. शब्द जागचा हलत नाही! ती की शेलपर्यंत, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, पोचतच नाही, व्हिम मध्येच गिळतो आणि पुढचं अक्षर खिडकीची आज्ञा समजतो. ‘j’ हे अक्षर टाइप केलंत की कर्सर थेट खालच्या खिडकीत. शब्द खोडायचाच तर कंट्रोल-डब्ल्यूनंतर टिंब द्या म्हणे. दर वेळी? त्यापेक्षा व्हिमनं कुठली की गिळायची ते ठरवणारा टर्मविनकी (termwinkey) हा पर्याय दुसऱ्या कीवर ठेवा.

निओव्हिममध्ये (व्हिमपासूनच निघालेल्या एडिटरात) हा जाच नाही, पण तिथे टर्मिनलमधल्या टायपिंगातून बाहेर पडायला कंट्रोल-बॅकस्लॅश, मग कंट्रोल-एन. (बोटांचे व्यायाम!) एस्केपला तेच काम जोडलंत, तर टर्मिनलमध्ये उघडलेल्या दुसऱ्या व्हिमला एस्केप मिळणारच नाही, बसा इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाइप करायच्या अवस्थेत) अडकून.