पलंगाचा कठडा कुणी लावायचा?

काल सुरसागर तलावाच्या पाळीवर वाद पेटला तो माझ्या आत्यावरून. गेल्या महिन्यात बडोद्यातल्याच एका खाजगी दवाखान्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री तिला झोपेचं इंजेक्शन दिलं आणि पलंगाचा कठडा खालीच राहिला. पहाटे बाथरूमला जायला उठली, पडली, खुब्याचं हाड मोडलं.

नाना सेव-उसळीची प्लेट बाजूला ठेवून म्हणाले, "डॉक्टरला आत टाका!"

"कशाबद्दल?" वकीलसाहेबांनी विचारलं. "गुडघा वाकतोय ना?"

वाकतोय. खरं आहे ते.

"मग त्याची डॉक्टरकी चुकलेली नाही. औषध कुठलं द्यायचं, चिरायचं कुठे, इथे चूक झाली तर कोर्ट बघतं की त्याच शाखेतला साधारण जाणकार डॉक्टर असं वागला असता का. इंग्लंडच्या 1957च्या बोलम खटल्यातली ही कसोटी आपल्या सुप्रीम कोर्टाने 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात मान्य केली. तिथे बहुतेक वेळा तज्ज्ञाचं मत लागतं. फरशी ओली होती, स्ट्रेचरचं चाक निखळलेलं होतं, हे कळायला मात्र डॉक्टर व्हावं लागत नाही. ती साधी हयगय."

जेकब मॅथ्यू खटल्याची हकीकत ऐकून सगळेच गप्प झाले. लुधियानातला रुग्ण, श्वास अडकलेला, ऑक्सिजनचं सिलिंडर जोडलं तर ते रिकामं. रुग्ण दगावला. कोर्टाने डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला, कारण फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो. पण सिलिंडरच्या बाबतीत रुग्णालय दिवाणी कायद्याने जबाबदार ठरू शकतं, असं म्हटलं.

"घरच्यांना काय त्याचं? त्यांचा माणूस गेलाच ना," नाना म्हणाले. त्यांचा आवाज कापरा झाला होता, आणि मला त्यांचं पटतही होतं.

तेवढ्यात इतका वेळ ऐकत बसलेल्या ताई बोलल्या. आयुष्यभर वॉर्डात सिस्टर म्हणून राबल्या आहेत त्या. "वकीलसाहेब, कठडा म्हणजे स्ट्रेचरचं चाक नव्हे. इंजेक्शन दिलेली बाई झोपेच्या गुंगीत उठेल, पडेल, हे आधी ओळखायचं असतं. ती आमच्या शिक्षणाची गोष्ट आहे. ती सिस्टर चुकली असेल तर तिच्या कामात चुकली."

वकीलसाहेबांनी लगेच मान डोलावली नाही. थोडं थांबून म्हणाले, "कठडा वर ठेवा असं फाइलमध्ये लिहिलेलं असेल आणि ठेवला नसेल, तर तज्ज्ञ कशाला हवा? लिहिलंच नसेल, तर लिहायला हवं होतं का, हे मात्र तज्ज्ञालाच विचारावं लागेल."

माझ्या मते सगळा वाद इथे येऊन ठेपतो. आत्या एकच, पडणं एकच, पण फाइलमधल्या एका ओळीवरून सिद्ध काय करायचं ते बदलतं. तक्रार दोन्ही प्रकारांत ग्राहक आयोगाकडेच करता येते, दोन वर्षांच्या आत. डॉक्टरची कॉलर धरून ती ओळ हाती लागत नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या नियमांप्रमाणे उपचारांचे कागद मागितल्यावर ते 72 तासांत द्यायला हवेत, हे मला कालपर्यंत ठाऊकच नव्हतं.

अर्जाचा मजकूर ताईंनी तिथेच माझ्या मोबाइलवर सांगितला. "नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "त्या रात्रीच्या सिस्टरच्या नोंदी माग. इंजेक्शन किती वाजता दिलं, ते त्यात असतं."