डोंबिवलीत घर, लोअर परळला नोकरी

लोकलचा मोठा अपघात झाला की दोन दिवसांत ठरलेली वाक्ये कानावर येतात: मुंबईत माणसे मावेनाशी झाली आहेत, बाहेरून येणारे लोंढे थांबवा, यंत्रणा तरी कुठे कुठे पुरी पडणार. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, त्यातल्या काहींचा जीव गेला, तेव्हाही हेच झाले. खापर लोकसंख्येवर फोडणे सोयीचे असते, कारण लोकसंख्येला निलंबित करता येत नाही आणि तिची चौकशी समितीही नेमावी लागत नाही.

जनगणना मात्र निराळे सांगते. 2001 ते 2011 या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 19 लाखांवरून 1 कोटी 24 लाखांवर गेली, म्हणजे जेमतेम चार टक्के वाढली. शहर जिल्ह्यात तर ती 33 लाखांवरून 31 लाखांच्या आत आली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर पोहोचला. (2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही सगळे नियोजन याच शिळ्या आकड्यांवर चालले आहे.) माणसे मुलुंड आणि दहिसर या मुंबईच्या हद्दींपलीकडे राहायला गेली, पण बऱ्या पगाराच्या नोकऱ्या मोठ्या प्रमाणावर अलीकडच्या बाजूलाच, फोर्ट, लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), अंधेरी या पट्ट्यात राहिल्या. लोकलच्या दारात रोज जे लटकते, ते घर आणि नोकरी यांच्यातले हे अंतर आहे.

हे अंतर आपोआप पडलेले नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि शहराच्या मध्यभागी शेकडो एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचे साधारण तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जमीन तीतून सुटली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो बदल टिकला. जिथे कामावर चालत जाता येईल अशी घरे मोठ्या संख्येने होऊ शकली असती, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यात काम करणारी माणसे कल्याण, बदलापूर, विरारहून येऊ लागली. स्थानके मात्र गिरणीच्या काळातलीच. एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी चेंगराचेंगरीत 23 जण गेले, त्यानंतर तिथे नवा पादचारी पूल बांधायला लष्कराला बोलवावे लागले. देशाची आर्थिक राजधानी म्हणवणाऱ्या शहराबद्दल याहून वेगळे काय सांगायचे?

पैसा नव्हता असेही नाही. सागरी किनारा मार्गावर महापालिकेने 13 हजार कोटींहून अधिक रुपये खर्च केले. त्याच महापालिकेच्या बेस्ट उपक्रमाचा एकेकाळी साडेचार हजारांच्या घरात असलेला बसगाड्यांचा ताफा दरम्यान तीन हजारांच्या खाली आला आणि मे 2025 मध्ये किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले. मुंबई आणि नवी मुंबई जोडणाऱ्या अटल सेतूवर मोटारीला एका फेरीचे 250 रुपये पडतात आणि दुचाकीला प्रवेशच नाही. मेट्रोबद्दल माझी तक्रार नाही; आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका उशिरा का होईना, ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण झाली आणि ती उपयोगाचीच आहे. पण रोज 70 लाखांच्या आसपास माणसे वाहणारी उपनगरी रेल्वे आणि बेस्टची बस या दोघींना जो अग्रक्रम हवा होता, तो मोटारींच्या रस्त्यांना मिळाला. उपनगरी रेल्वेच्या हद्दीत वर्षाला दोन हजारांहून अधिक मृत्यू होतात, आणि ही बाब आपल्याला आता बातमीच्या योग्यतेचीही वाटत नाही.

आर्थिक वाढीची भाषा करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोठे शहर श्रीमंत होते, कारण तिथे मालकाला हवा तसा माणूस आणि माणसाला जमेल तसे काम, दोन्ही टप्प्यात असतात. प्रवास असह्य झाला की हा टप्पा आखडतो, आणि एका महानगराची कागदावर नसलेली पाच-सहा लहान गावे होतात. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीतल्या एका मुलीने बीकेसीतली हिशेबनिसाची नोकरी बाळंतपणानंतर सोडली आणि आता ती स्टेशनजवळच्या एका दुकानाचे हिशेब निम्म्याहून कमी पगारात लिहिते. काम तेच, कौशल्य तेच. सकाळच्या फास्टमध्ये चढता यावे म्हणून आधी उलट्या दिशेने कल्याणला जाऊन सीट पकडायची, चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकायचे, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळी हेच उलट करायचे, एवढे तिला तान्ह्या मुलाबरोबर झेपण्यासारखे नव्हते. अशा किती बायका या हिशेबातून गळल्या, हे आपल्या विकासदरात दिसत नाही.

नोकऱ्या पलीकडे न्या, असे म्हटले जाते आणि ते बरोबरच आहे. नवी मुंबईतल्या ऐरोलीत त्या गेल्याही. परंतु कल्याण-डोंबिवलीहून ऐरोलीला जाणाऱ्याला आजही ठाण्याला उतरून, जिना चढून गाडी बदलावी लागते, आणि ठाण्याची गर्दी विनाकारण वाढते. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग याच कारणासाठी मंजूर झाला. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झाले. मूळ जोडमार्ग मात्र वाटेतल्या झोपडीधारकांच्या पुनर्वसनाशी अडला. या कुटुंबांना जवळपास घरे देण्याचा हा प्रश्न, हजारो कोटींचे पूल बांधणाऱ्या राज्याला अवघड असू नये. माझी मागणी एवढीच आहे की वाहतुकीच्या प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या प्रस्तावात, ताशी किती वाहने याऐवजी ताशी किती माणसे आणि प्रत्येक माणसामागे किती रुपये, हे दोन आकडे पहिल्या पानावर छापावेत, आणि कळवा-ऐरोलीचा प्रस्ताव त्या यादीत सागरी मार्गाशेजारी ठेवून मग सभागृहात मतदान घ्यावे.