पेट्रोल भरल्यावर पेटणारा दिवा

टाकी भरून गाडी पर्वरीच्या चढाला लागते आणि डॅशबोर्डावर इंजिनाचं पिवळं चित्र उजळतं. गोव्यात यावरचा पहिला निकाल ठरलेला: "पेट्रोलांत उदक आसा!" दुसरा शेजारच्या सीटवरून येतो: "तरी मी म्हणत होते, म्हापशातच भरा." तिसरा निकाल गॅरेजातला मेस्त बॉनेट उघडण्याआधीच देऊन टाकतो: "सेन्सर गेला, बाब." दिव्याला मात्र कोणी काही विचारत नाही, आणि तो तर उत्तर घेऊनच बसलेला असतो.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास, सोळा पिनांचं सॉकेट असतं. काही शे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर त्यात खोचला की मोबाइलवर कोड दिसतो. 'पी ०४४२', 'पी ०४५५', 'पी ०४५७' या घराण्यातला कोड असेल तर तक्रार पेट्रोलची नाही, त्याच्या वाफेची आहे. वाफ बाहेर सुटू नये म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंत एक बंद व्यवस्था असते आणि काही गाड्या तिची गळती स्वतः तपासतात. त्यांतल्या चोखंदळ गाड्यांना अर्ध्या मिलिमीटरचं भोकही खपत नाही. आमच्या छपरांची अशी तपासणी कोणी जूनमध्ये केली असती तर!

म्हणून पहिला संशयित टाकीचं झाकण. क्लिक ऐकू येईपर्यंत फिरवायचं. त्याआधी आतली रबरी रिंग बोटाने चाचपायची: चीर, माती, कडकपणा. आणखी एक बारीक खोडी म्हणजे झाकणाची दोरी. पंपावरचा मुलगा घाईत असला की ती रिंग आणि नळीच्या तोंडात चेपली जाते. झाकण घट्ट वाटतं, वाफ दोरीच्या कडेने निवांत बाहेर पडते. हा उपाय फुकटचा असल्यामुळे त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. त्यात झाकण लावल्या लावल्या दिवा विझत नाही. चाचणी सलग साधारण तीन वेळा नीट पार पडली, तरच गाडी दिवा मागे घेते. शिवाय टाकी काठोकाठ किंवा जवळजवळ रिकामी असताना बऱ्याच गाड्या ही चाचणी घेतच नाहीत. त्यामुळे पाप म्हापशातलं असतं आणि दिवा लागतो मडगावात, दोन दिवसांनी. शिव्या मडगावचा पंप खातो.

आता खरा गुन्हेगार: राउंड फिगर. नोझल टक्क करून थांबतं, म्हणजे टाकी भरली. पण मीटरवर अठराशे त्रेसष्ट दिसतात आणि माणसाला ते बघवत नाही. "दोन हजार करूं, बाब?" आपण मान डोलावतो. त्यात गोव्याचं पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. २०१२ साली पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ पुसून टाकला होता, तेव्हापासून तर हद्दीवरच्या पत्रादेवीला बांद्या-सावंतवाडीच्या गाड्या गळ्यापर्यंत भरून घेण्याला पुण्यकर्माचा दर्जा आहे. वाफेसाठी मोकळी ठेवलेली जागा अशी पेट्रोलने भरली की ते वाफेच्या नळीतून चढून कॅनिस्टरमध्ये शिरतं. कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा. त्याने वाफ धरून ठेवायची आणि इंजिन चालू असताना ती परत द्यायची, एवढंच त्याचं काम. पातळ पेट्रोलात भिजलेला कोळसा नीट काम करत नाही. डबा काढून हातात घेतला तर जड लागतो, हलवला तर आत डुचमळतं. मग तो बदलावाच लागतो, आणि त्याच्या बिलाला राउंड फिगर करण्याचा आग्रह कोणी धरत नाही.

टाकी भरल्यावर गाडी पटकन सुरूच होत नसेल, स्टार्टर घरघरतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर खोकत उठते, असं असेल तर झाकणाला सोडा. हा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारी झडप. इंजिनात हवा शिरते त्या इनटेकजवळ दोन नळ्या आणि दोन तारांचा प्लग असलेली छोटी वस्तू. ती उघडी अडकली की टाकीतली सगळी वाफ थेट इंजिनात जाते. परीक्षा सोपी: इंजिन थंड असताना सुरू करा, व्हॉल्व्हचा विजेचा प्लग काढा, कॅनिस्टरकडून येणारी नळी सोडा आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या झालेल्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह गेला. वीज नसताना त्याने बंद असायला हवं. हे करताना सिगारेट नको, हे सांगावं लागतं हेच दुर्दैव.

आणि पाणी? पावसाळ्यात तेही होतं. पण पाण्याचा दिवा असा शांत बसत नाही. काही किलोमीटरांतच गाडी धक्के खाते, 'पी ०३००' (इंजिनात पेट्रोल नीट पेटत नसल्याचा कोड) येतो, दिवा लुकलुकतो. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून काढतं. बिल जपा, टाकीतलं पेट्रोल मेस्ताकडून पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि स्थिर ठेवा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं, त्यामुळे खालचा थर पडलेल्या पाण्यापेक्षा जाड दिसतो. ती बाटली घेऊन पंपावर गेलात तर बोलणं होतं. नुसता आवाज चढवून गेलात तर चहा मिळतो.

बॅटरीची तार काढून दिवा घालवणाऱ्या मेस्ताला मात्र हात जोडा. कोड पुसला जातो, इंजिनाने शिकलेलं सगळं पुसलं जातं, रेडिओची स्टेशनंही जातात. गळती तेवढी राहते.