काका, 5.02 चुकलंच, पण अंशांच्या पट्टीवर माझा भरवसा नाही

नमस्कार काका,

लेथवर निमुळता आकार, म्हणजे टेपर, काढायच्या टेपर अटॅचमेंटवर (लेथच्या मागचा तिरका गाइड बार; त्यावर सरकणारा ब्लॉक टूल आत-बाहेर नेतो) मी लेख लिहिला, त्यात सेटिंगचा आकडा 5.02 दिला. 'आकडा दुप्पट लिहिलाय, पोरं जॉब भंगारात घालतील' ही तुमची तक्रार शंभर टक्के मान्य. मोर्स टेपर 3 (ड्रिल, सेंटर बसवायचा एक ठरलेला टेपर) मध्ये 100 मिमी लांबीला व्यासात 5.02 मिमी फरक पडतो. डायल (बारीक हालचाल मोजणारा काट्याचा गेज) मात्र क्रॉस स्लाइडची, म्हणजे टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाची, हालचाल दाखवते, म्हणजे त्रिज्येतला फरक. सेंटरमध्ये धरलेल्या सरळ टेस्ट बारला डायल टेकवून कॅरेज (टूल लांबीच्या दिशेने नेणारा भाग) 100 मिमी सरकवली की काटा 2.51 फिरला पाहिजे. मी 5.02 कुठून आणला? 200 मिमीच्या जॉबवर हाच टेपर टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) सरकवून काढायचा तर ऑफसेट बरोबर 5.02 येतो. तो डोक्यात बसलेला आकडा इथे उमटला. लेखात जुना आकडा पुसला नाही, नुसती काट मारलीय; कुणी वहीत उतरवला असेल तर त्याला कळावं.

'30 वर्षं अटॅचमेंटच्या पट्टीवरचे अंश बघूनच लावतोय, डायलची थेरं कशाला?' इथे मात्र वाद घालतो. या टेपरचा अर्धा कोन सुमारे 1 अंश 26 मिनिटं. पट्टीवर 5 मिनिटं इकडेतिकडे झाली तर डोळ्याला कळतही नाही, आणि 80 मिमी लांबीत व्यास 0.23 मिमीने चुकतो. शिवाय काही पट्ट्यांवर अर्धा कोन असतो, काहींवर पूर्ण. तुमचे जॉब बसतात ते पट्टीमुळे नव्हे, नंतर ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारी निळी पेस्ट) लावून तुम्ही हाताने जमवून घेता म्हणून.

टेलस्टॉक सरकवून काम भागतं, हेही खरं. पण बाहेरच्या टेपरचं, तेही दोन सेंटरमध्ये. मी स्लीव्हचं बोअर, म्हणजे आतला टेपर, करत होतो.

उलट ज्यावर तुम्ही मला धरायला हवं होतं ते सुटलं. अटॅचमेंट लेथला जोडणारं ब्रॅकेट बसवण्यावर मी एकच ओळ लिहिली. माझ्या ब्रॅकेटच्या बसण्याच्या तोंडावर रंगाचा थर तसाच होता. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेट तिरकं ओढलं गेलं, आणि गाइड बारवरचा ब्लॉक एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला ढिला. अर्धा दिवस मी गिबला (ब्लॉकचा ढिलेपणा काढायच्या पट्टीला) दोष देत बसलो. रंग खरवडला, बारच्या वरच्या बाजूवर डायल फिरवून पाहिली, तेव्हा कुठे ब्लॉक सगळीकडे सारखा सरकला.

राहिला प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा. प्रत्येक कट जॉबच्या 10-15 मिमी आधीपासून सुरू करा, म्हणजे टूल लागायच्या आत तो निघून जातो. डायल बघतानाही कॅरेज एकाच दिशेने न्या. आणि टूल सेंटरच्या उंचीला नसेल तर गाइड बार कितीही नेमका लावा, टेपर चुकणारच.

पुढच्या जॉबला एवढं करून बघा: प्लगवर (स्लीव्हमध्ये बसणाऱ्या जॉबवर) लांबीच्या दिशेने ब्लूच्या तीन रेघा ओढा, स्लीव्हमध्ये घालून पाव फेरा द्या. फक्त जाड टोकाकडची ब्लू पुसली, तर प्लगचा टेपर जास्त झालाय. पट्टीवर लावलेल्या पहिल्याच कटला काय दिसतं, ते इथेच लिहा.