माझी गाडी चुगलखोर आहे

आज सकाळी माझ्या गाडीने मला नापास केलं. प्रवास संपला आणि फोनवर निकाल आला: ‘जोरात ब्रेक, १ वेळा.’ गुण कापले. हे गुण विमा कंपनीला जातात, त्यावर पुढचा हप्ता ठरतो.

ब्रेक का मारला, ते कोण विचारतो? वळणापलीकडे ट्रक बंद पडून उभा होता. मागे दिवा नाही, त्रिकोण नाही. ब्रेक मारला नसता तर गुण शाबूत राहिले असते, मी नसतो राहिलो.

खरा संताप पुढेच आहे. माझ्याआधी त्याच वळणावर चार-पाच गाड्यांनी तरी कचकन ब्रेक मारले असणार. त्यांच्यातही सिम, जीपीएस सगळं असणार. मग मला कुणी का नाही सांगितलं? गाडीने आजूबाजूच्या गाड्यांना सेकंदाला १० वेळा आपली जागा, वेग, ब्रेक कळवायचा, हे तंत्र काही काल निघालेलं नाही. अमेरिकेने त्यासाठी १९९९ मध्येच रेडिओलहरींचा पट्टा राखून ठेवला होता. (२०२० मध्ये त्यातला निम्म्याहून जास्त वायफायला देऊन टाकला. असो.) चुगलीपुरती जोडणी आहे, सावध करायला नाही!

गुणांच्या धाकाने काही लोक नीट चालवतात, मान्य. पण माझा एक मित्र ब्रेकचे गुण जाऊ नयेत म्हणून पिवळ्या दिव्याला थांबतच नाही. वाचतोयस ना रे?

आणि त्या ट्रकमागे नंतर जी रांग लागली असेल, तीही कुणी आधी न सांगितल्यामुळेच. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने फिरवायला सांगितल्या होत्या (२००८ मध्ये छापून आलंय). सिग्नल नाही, खड्डा नाही, तरी थोड्या वेळात कोंडी! एक जरा दबकला की मागचा जास्त दबकतो, आणि ती लाट मागे मागे सरकत जाते. मागच्यांना आधी कळलं तर ते नुसता पाय उचलतील, ब्रेकपर्यंत जाणारच नाहीत.

...जेवण झाल्यावर तो निकाल पुन्हा उघडला. ब्रेकच्या खाली बारीक अक्षरात वेगही दिलाय. ६४. तिथे पाटी ४० ची आहे. बायको फेसबुकवर नाही म्हणून सांगतोय.

बरं, चुकलो. पण मग तेव्हाच टोका ना! युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादा ओलांडली की टोकणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती बंद करता येते, आणि मी कदाचित केलीही असती. तरी एकदा टोकलं असतं, तर त्या ट्रकच्या इतक्या जवळ जाऊन थांबलो नसतो. अजून हात थरथरतोय थोडा.

ट्रक संध्याकाळीही तिथेच होता. रात्री कुणी त्या बाजूने जाणार असाल तर वळणाआधीच हळू करा. गाडी सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय.